उंदीर पडले, की गाव सोडायचं: प्लेग नेमका पसरायचा कसा?

माझी आजी कुणाच्या घरात वाद पेटायची चिन्हं दिसली, की म्हणायची, "उंदीर पडायला लागलेत तिथं." लहानपणी वाटायचं, मांजरीवरून काहीतरी असेल. पुढे कळलं की हे प्लेगच्या वर्षांचं बोलणं. घरात, वळचणीला, कणगीमागे मेलेले उंदीर सापडू लागले, की गाव समजायचं: आठ-पंधरा दिवसांत माणसांना गाठी येणार. मग भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन लोक माळावर झोपड्या घालायचे आणि साथ निवळेपर्यंत तिकडेच राहायचे.

शाळेत आपण या साथीबद्दल वाचतो ते वेगळंच. रँड, चाफेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून केलेली झडती. सगळं खरं आणि महत्त्वाचं. पण हा रोग एका घरातून दुसऱ्या घरात जायचा कसा, ते मात्र धड्यात नव्हतं. करोनानंतर तर गोंधळ आणखीच वाढला. आता साथ म्हटली की खोकला, मास्क आणि दोन हातांचं अंतर एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. हे गणित प्लेगला लावलं की काहीच जुळत नाही. प्लेगच्या इस्पितळात दिवसरात्र रोग्यांना उचलणाऱ्या नर्सेस आणि वॉर्डबॉय सहसा आजारी पडत नसत. उलट कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, खोलीत एकटाच राहणारा माणूस सकाळी ताप आणि जांघेत गाठ घेऊन उठायचा.

याचं उत्तर आजीच्या बोलण्यातच आहे. प्लेग हा मुळात माणसाचा रोगच नाही.

आधी उंदरांची साथ, मग आपली

प्लेगचा जंतू जून १८९४मध्ये हाँगकाँगच्या साथीत सापडला. अलेक्झांडर येर्सिन आणि जपानचे कितासातो हे दोघे तिथे वेगवेगळे काम करत होते. पुढे जंतूला नाव मिळालं ते येर्सिनचं. हा जंतू उंदीर, खारी, मार्मोट अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांत राहतो. एकाकडून दुसऱ्याकडे त्याला नेते ती पिसू. उंदरांच्या जगात हे शेकडो वर्षं चालू असतं आणि आपल्याला त्याची खबरही नसते.

घोळ होतो तो घरातले उंदीर मरू लागले की. पिसू उंदराच्या अंगावर राहते, कारण ते ऊबदार असतं आणि रक्त हाताशी असतं. उंदीर मेला, अंग गार पडलं, की ती बिऱ्हाड हलवते. जवळपास दुसरा उंदीर असेल तर त्याच्याकडे जाते. पण एकामागून एक उंदीर मेले आणि नवं बिऱ्हाडच मिळेना, तर भुकेली पिसू जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दृष्टीने माणूस ही नाइलाजाची जागा.

आजीच्या पिढीने 'पडले' म्हणून ओळखलेली गोष्ट पुढे मुंबईत संशोधकांनी मोजली. मुंबईत उंदीर दोन प्रकारचे: गटारात राहणारा मोठा तपकिरी आणि घराच्या छपरात, भिंतींत राहणारा काळा. साथ आधी गटारातल्या उंदरांत दिसायची, साधारण दहा दिवसांनी घरातल्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे गाव सोडून माळावर जाणाऱ्यांकडे जवळजवळ दोन आठवड्यांची आगाऊ सूचना असायची. सरकारदरबारी हे मान्य व्हायला बरीच वर्षं गेली.

पिसवेच्या पोटातली तुंबलेली मोरी

पिसू रोगी उंदराचं रक्त पिते आणि मग दुसऱ्याला चावते, एवढ्यावर भागत नाही. डास चावून मलेरिया होतो तसं हे सरळ नाही.

मोरीचा पाइप तुंबला की काय होतं, आठवा. वरून पाणी ओतलं की ते खाली जात नाही, आत साचलेला गाळ घेऊन परत वर येतं. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी एक झडप असते. रक्ताबरोबर आत गेलेले जंतू तिथे वाढतात, गोळा होऊन बसतात आणि झडप बंद पडते. आता पिसवेने कितीही रक्त ओढलं तरी पोटात काही जात नाही. भुकेने वेडी झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला ओढलेलं रक्त जंतूंसकट त्याच जखमेत परत ओकते. हा उलगडा बेकट आणि मार्टिन या दोघांनी १९१४मध्ये लंडनमध्ये केला. साथ मुंबईत येऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

गाठ बहुतेकदा जांघेत का यायची, तेही यात आलं. पिसवेची उडी जेमतेम चार इंच. ती चावणार पायाला. पायातून जंतू शरीरात शिरले की त्यांना अडवणारी पहिली चौकी जांघेत असते. तिला लसिका ग्रंथी म्हणतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, तीच ही जागा. प्लेगमध्ये ही चौकी सुजून लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी होते. औषध नसताना अशा रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त दगावत.

गणेशखिंडीनंतर अकरा महिन्यांनी

ही गोष्ट मला दरवेळी अस्वस्थ करते. रँडवर गोळी झाडली गेली २२ जून १८९७च्या रात्री. उंदरापासून उंदराला प्लेग पिसवेमुळे होतो, हे दाखवणारा प्रयोग झाला २ जून १८९८ला. झडती घेणारे आणि झडतीने संतापलेले, दोघांनाही तोपर्यंत खऱ्या वाहकाचा पत्ता नव्हता.

प्रयोग कराचीत झाला. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर आधी मुंबईत काम करून तिकडे गेला होता. रोग्यांच्या पायावर त्याला कधीकधी बारीकसा फोड दिसायचा आणि त्यात जंतू सापडायचे. हा चावा असावा, अशी त्याला शंका आली. उतरला होता त्या हॉटेलातच त्याने एक मोठी काचेची बरणी घेतली आणि तीत पिसवा असलेला, प्लेग झालेला उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर तारेच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर त्याच बरणीत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू उडून जाऊ शकेल, अशा बेताने. काही दिवसांत दुसरा उंदीरही प्लेगने मेला. मग उलट तपासणी: रोगी उंदराच्या अंगावर पिसवा नसल्या, तर शेजारचा उंदीर खुशाल राहिला.

एवढा सोपा आणि सुरेख प्रयोग; तरी त्याच सुमारास चौकशी करणाऱ्या सरकारी प्लेग कमिशनने तो जवळजवळ उडवूनच लावला. साहेबांचा संशय होता हवेवर, घाणीवर आणि आपल्या शेणाने सारवलेल्या जमिनींवर. जंतू जमिनीत मुरतो आणि अनवाणी पायांतून शिरतो, असं अनेकांना वाटे. म्हणून घरांतल्या जमिनी उकरल्या जात. पायापर्यंत त्यांचं बरोबर होतं. फक्त जमीन आणि पाय यांच्यामध्ये एक पिसू होती.

शंका फिटली ती मुंबईतच. एप्रिल १९०४मध्ये एका चाळीत उंदीर पडू लागले आणि राहणाऱ्यांना पिसवांनी इतकं हैराण केलं की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने तिथल्या माणसांच्या अंगावरच्या ३० पिसवा गोळा केल्या. त्यांतल्या १४ उंदराच्या निघाल्या. एरवी माणसांच्या अंगावरून त्याने २४६ पिसवा पकडल्या होत्या. त्यांत उंदराची होती एक. बिऱ्हाड हलल्याचा याहून ठळक पुरावा कुठला? पुढे १९०५पासून नव्या संशोधकांनी परळला खास खोल्या बांधून गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या गिनीपिगला प्लेग झाला, दोन फुटांवरचा वाचला. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता?

मांडवीच का?

मुंबईत रोग ओळखला अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने, सप्टेंबर १८९६मध्ये, मांडवीत. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो माणसं त्याच्यासमोरून जातात आणि बहुतेकांना हा कोण ते माहीत नसतं.

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या गोदामांचा भाग. दाणाबंदर तिथूनच जवळ. हाँगकाँगकडून आलेल्या जहाजांतून रोग आला असं मानलं जातं. जहाजावरचा उंदीर उतरला की त्याला समोर काय दिसणार? छतापर्यंत रचलेली पोती, वर दाटीवाटीने राहणारी बिऱ्हाडं, मातीच्या भिंती, कौलांखाली पोकळ्या. काळ्या उंदराने स्वतः नकाशा काढला असता तर याहून चांगलं घर सुचलं नसतं. त्यात या पिसवेची अळी धान्याच्या भुशावर आणि धुळीवर वाढते. पोत्यातून पिसू उंदराशिवायही प्रवास करू शकते.

आता साथीचा पुढचा मार्ग नीट दिसतो. रोग माणसांमागे जाण्यापेक्षा धान्यामागे गेला. त्याच १८९६–९७मध्ये दख्खनेत दुष्काळ होता, धान्य रेल्वेने इकडून तिकडे जात होतं. १८९१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आत-बाहेर होती. त्यातली लाखो माणसं भीतीने गावाकडे निघाली. कोकणात, घाटावर, गुजरातेत. बोरीबंदरावर वळकटी खांद्यावर घेतलेला गिरणी कामगार स्वतः ठणठणीत असे. पण त्या वळकटीच्या घडीत दोन पिसवा असतील, तर गावातल्या उंदरांना तेवढ्या पुरत.

"मग सरकारने केलं ते सगळं वाया गेलं?"

बरंचसं गेलं, आणि काही उलटलंही. नुसतं 'इंग्रज वाईट होते' म्हणून मात्र हे समजत नाही. त्यांचं निदान चुकलेलं होतं आणि चुकीच्या निदानावर त्यांनी पूर्ण ताकद लावली.

गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली. गटारातले उंदीर घरांत शिरले असणार, हे पुढे लोकांच्या लक्षात आलं. रोग्याला उचलून इस्पितळात नेलं. रोगी ज्याच्यापासून आजारी पडला ती पिसू खोलीतच राहिली. रेल्वेत प्रवाशांच्या काखा-जांघा तपासल्या. धान्याची पोती मात्र पुढे गेली. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा झाला, तोच जो करोनात पुन्हा बाहेर काढला. त्याच्या जोरावर घरात शिरता येत होतं, सामान जाळता येत होतं, बायकांना परक्या पुरुषांसमोर उभं करता येत होतं. कायदा होण्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो अशाच भीतीपोटी. पुण्यात लष्कर आलं तेव्हा काय झालं ते आपण जाणतोच. परिणाम असा, की लोक रोगी लपवू लागले आणि मेलेल्या उंदरांची खबर दडवू लागले. खरं तर तीच खबर सगळ्यांत मोलाची होती.

काही गोष्टी मात्र चुकून बरोबर झाल्या. कौलं काढून घरात ऊन येऊ दिलं, त्याने उंदरांचं बस्तान मोडलं. घरं रिकामी करून लोकांना उघड्यावर छावणीत ठेवलं. माळावरच्या झोपडीत धान्याची कणगी नसते आणि म्हणून उंदीरही नसतो. आपले लोक स्वतःहून करत होते ते हेच. फरक एवढाच, की गावकरी शकुन पाहून जात आणि सरकार बंदूक दाखवून नेई.

वाल्देमार हाफकिन यांची लस हे खरं यश. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. लस पूर्ण संरक्षण देत नसे, पण टोचून घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू दोन्ही बरेच कमी असत. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

"पण सावित्रीबाई तर रोग्यांची सेवा करताना गेल्या!"

हा आक्षेप रास्त आहे. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ला प्लेगनेच गेल्या. मग माणसाकडून माणसाला होत नव्हता असं कसं म्हणायचं?

एक तर घरातून नुकत्याच उचललेल्या रोग्याच्या कपड्यांत, घोंगडीत पिसवा असणारच. इस्पितळात कपडे बदललेल्या रोग्याला हात लावणं आणि प्लेगच्या घरातून मुलाला पाठीवर आणणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं, प्लेगचा आणखी एक अवतार असतो. जंतू फुप्फुसांत पोचले की रोगी खोकू लागतो आणि मग तो थेट हवेतून दुसऱ्याला होतो. हा फुप्फुसाचा प्लेग. औषध नसेल तर यातून जवळजवळ कुणी वाचत नाही. मांचुरियात १९१०–११च्या हिवाळ्यात हाच पसरला, सुमारे साठ हजार माणसं गेली. तिथे वू लिएन-तेह या डॉक्टरने सगळ्यांना मास्क लावायला सांगितलं आणि ते अगदी बरोबर होतं. आपल्याकडच्या साथीत मात्र हा प्रकार थोडा होता. गाठीचा ताप हाच मुख्य.

"गरिबांनाच का झाला? घाणीमुळेच ना?"

घाण हा शब्द मला इथे खटकतो, कारण त्यात राहणाऱ्यावर ठपका येतो. घासूनपुसून लख्ख ठेवलेल्या खोलीतही उंदीर येतो, जर शेजारी गोदाम असेल, भिंत मातीची असेल आणि आठ माणसं जमिनीवर झोपत असतील. मलबार हिलच्या बंगल्यातला साहेब उंच पलंगावर झोपायचा, त्याचं धान्य वेगळ्या कोठारात, स्वयंपाकघर घरापासून दूर. त्याला वाचवलं ते साबणाने नव्हे, या अंतराने.

१८९८मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. शहराला ते भोवलं असं कुणी म्हणणार नाही. पण पाडलेल्या खोलीतला माणूस दादरच्या नव्या ब्लॉकमध्ये जात नव्हता. तो पुढच्या गल्लीतल्या, आधीच भरलेल्या चाळीत जात होता.

मांजर पाळायची ना मग!

हे गमतीने सुचतं, पण कुणीतरी ते खरोखर मांडलं होतं. अमरावतीत काम करणाऱ्या ब्यूकॅनन या डॉक्टरने गावोगाव मांजरी मोजल्या आणि १९०८च्या सुमारास लिहिलं की जिथे निम्म्याहून अधिक घरांत मांजर आहे, तिथे प्लेग फिरकत नाही. थोडं तथ्य त्यात असेल. पण मांजरीलाही प्लेग होतो, आणि उंदराची पिसू मांजरीवर चढून घरभर फिरू शकते. त्यामुळे हा उपाय आपण मांजरप्रेमींसाठी राखून ठेवू.

संपला कसा?

भारतात वीसेक वर्षांत एक कोटीहून जास्त माणसं गेली. एकट्या १९०७मध्ये तेरा लाखांवर, सर्वाधिक पंजाबात. मग साथ ओसरू लागली, तेव्हा ना डीडीटी होतं ना स्ट्रेप्टोमायसिन. ती दोन्ही आली १९४०च्या दशकात.

मोठं कारण उंदरांतच घडलं. मुंबईसारख्या शहरांत जे उंदीर सहज मरत ते मरून गेले, टणक होते ते उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. प्रयोगशाळेत सारखाच जंतू टोचला तर मुंबईचा उंदीर तगायचा, मद्रासचा पटकन मरायचा. कारण मद्रासच्या उंदरांनी प्लेग फारसा पाहिलाच नव्हता. उंदीर तिथे भरपूर, बंदर मोठं, गर्दीही तेवढीच. पण तिथल्या उंदरांवरची पिसू बहुतेक वेगळ्या जातीची, जिची मोरी सहजासहजी तुंबत नाही. मद्रास वाचलं त्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं.

पूर्ण संपला असं मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात लोक घरं सोडून उघड्यावर राहिले, धान्य मात्र घरांत राहिलं आणि उंदीर माजले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने तक्रार केली. रोगाचं नाव कुणी काढलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की घरात पिसवा फार झाल्यात आणि उंदीर मरून पडतायत.